बी-५२ चे सुटे भाग येतात तरी कुठून?

निवांत_नाना
नमस्कार मंडळी. विमानांच्या धाग्यावर हा प्रश्न विचारणार होतो, पण तिथे राफेलवरून जुंपली आहे, म्हणून वेगळा धागा काढतो.

बी-५२ म्हणजे अमेरिकेचं आठ इंजिनांचं मोठं बाँबर विमान. त्याच्या एच या शेवटच्या मॉडेलचं शेवटचं विमान कारखान्यातून बाहेर पडलं ऑक्टोबर १९६२ मध्ये. त्यानंतर एकही नवं बनलेलं नाही. आज त्यांच्याकडे ७६ विमानं आहेत आणि २०५० नंतरही ती उडवायचा बेत आहे. म्हणजे विमान नव्वदीला टेकेल! इकडे माझ्या १९९६ च्या स्कूटरची क्लच प्लेट मिळवताना मी टेकीला आलो. साचे कधीच मोडले असतील, बनवणारे कारागीर गेले असतील. मग पार्ट येतात कुठून? आणि नुसतं विमानच नाही. त्याच्याखाली लावायचे जॅक, शिड्या, इंजिन सुरू करायच्या गाड्या, हे सगळं कोण पुरवतं?

माझं मत विचाराल तर हा सगळा हट्ट आहे. नवं विमान घेणं स्वस्त पडलं असतं.

चहाटळ
नाना, नाना पेठेत बघा. स्कूटरचं नक्की मिळेल. बी-५२ चं नाही, विचारून आलोय.

ठाम_ठोंबरे
नानांशी शंभर टक्के सहमत. साठ वर्षांचं पत्र्याचं खोकं. धातूला थकवा येतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. अमेरिकन काँग्रेसमधल्या प्रत्येकाला आपापल्या मतदारसंघातला कारखाना चालू ठेवायचा असतो, बाकी काही नाही.

स्नेहल_इंजिनी
ठोंबरे, थकवा वयावर मोजत नाहीत हो, तासांवर आणि ओझ्याच्या फेऱ्यांवर मोजतात. शीतयुद्धात ही विमानं अण्वस्त्रं लादून धावपट्टीच्या कडेला नुसती उभी असायची. वैमानिक शेजारच्या इमारतीत झोपायचे आणि भोंगा झाला की पळत सुटायचे. त्यामुळे एच मॉडेलचे सरासरी तास वीस हजारांच्या आसपास आहेत. एअरलाइनचं विमान साठ हजार तास सहज ओलांडतं. बी-५२ ची वयोमर्यादा पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून ठरवतात आणि त्या हिशेबाने अजून बराच जीव शिल्लक आहे.

सांगाडा टिकेल. अडचण येते ती सांगाड्याला चिकटलेल्या हजार गोष्टींची. त्यामुळे नानांचा प्रश्न रास्त आहे, मत नाही. :)

ओक्लाहोमी
बऱ्याच दिवसांनी आपल्या गल्लीतला धागा दिसला. मी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळापासून अर्ध्या तासावर राहतो. नोकरी विमानांचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत, क्वालिटी विभागात. बी-५२ वर माझं थेट काम नाही, त्यामुळे कोणी गुपितं विचारू नका. उघड आहे तेवढंच लिहितो.

प्रत्येक बी-५२ साधारण चार वर्षांनी टिंकरला येतं. रंग उतरवतात, झाकणं उघडतात, टाक्यांत माणसं शिरतात, तारा बदलतात. काय सडलंय, कुठे चीर गेलीय ते तेव्हा खरं कळतं. मग यादी निघते, आणि यादीतले निम्मे भाग असे असतात की ते बनवणारी कंपनी तरी बुडालेली, नाहीतर तिसऱ्याच कंपनीने विकत घेतलेली, नाहीतर तिला आता त्यात रस नाही. कारण मागणी किती? वर्षाला चार नग. त्यासाठी कोण भट्टी पेटवणार?

यावर पहिला उपाय म्हणजे ॲरिझोनातलं टूसॉन. डेव्हिस-मॉन्थन तळाचं विमानांचं ते वाळवंट. हवा कोरडी आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न ओतता विमान उभं करता येतं. आणि ते भंगाराचं आवार नव्हे, कोठार आहे. आलेल्या विमानाचं इंधन काढून नळ्यांत तेल फिरवतात, फटी आणि काचांवर पांढरा रबरासारखा थर फवारतात. मग वर्गवारी करतात. काही विमानांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही, ती पुन्हा उडवायला राखून ठेवलेली. काही फक्त पार्ट काढण्यासाठी.

राखून ठेवलेली खरंच पुन्हा उडतात. २०१४ मध्ये बार्क्सडेल तळावर एका बी-५२ च्या कॉकपिटला आग लागली. दुरुस्तीपेक्षा वाळवंटातलं बरं, असा हिशेब झाला. २००८ पासून तिथे उभं असलेलं 'घोस्ट रायडर' नावाचं बी-५२ फेब्रुवारी २०१५ मध्ये उडवत बार्क्सडेलला आणलं, मग टिंकरला पूर्ण उघडून जोडलं आणि २०१६ मध्ये ते मायनॉट तळावर कामाला रुजू झालं. २०१६ मध्येच ग्वामला एक विमान उड्डाण सोडून देताना धावपट्टीपलीकडे गेलं आणि जळालं. माणसं वाचली. त्याच्या जागी 'वाइज गाय' नावाचं दुसरं वाळवंटातून आणलं. ७६ चा आकडा कायम राहतो तो असा.

दुसरा उपाय म्हणजे नव्याने बनवून घेणं, आणि तिथे आमच्यासारख्यांचा घाम निघतो. पन्नासच्या दशकातलं हाताने काढलेलं ड्रॉइंग. त्यात लिहिलेला मिश्रधातू आज त्या नावाने मिळत नाही. कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने माप सुधारलंय, सही नाही. ते माप खरं धरायचं की छापील? गोदामात जुना नग सापडला तर तो मोजून बघतो. नसेल तर पत्रापत्री. एका कंसासाठी, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटसाठी, मी महिनोन्महिने वाट बघितली आहे (दुसऱ्या विमानाच्या). तो कंस बनवायला मशीनला लागला एक दिवस.

भेदरट_उंदीर
पेन्सिलीचं माप खरं. छापील माप ऑफिसने दिलेलं असतं, पेन्सिलीचं कारागिराने.

ओक्लाहोमी
उंदीरराव, अगदी. पण हे लेखापरीक्षकाला सांगून बघा.

कालिन्याचा_केदार
बी-५२ एचचं टीएफ३३ इंजिन म्हणजे प्रवासी विमानातल्या जेटी३डी चं लष्करी भावंड. एअर इंडियाच्या नंतरच्या बोइंग ७०७ ना तेच जेटी३डी होतं. (आधीच्या ७०७ ना रोल्स-रॉइसचं कॉनवे.) माझे काका सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर इंजिन ओव्हरहॉलला होते. त्यांच्याकडे त्या इंजिनाचं एक कंप्रेसरचं पातं होतं, कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेलं. लहानपणी मी त्याने कैऱ्या फोडल्यात.

याचा धाग्याशी संबंध असा: एअरलाइनवाल्यांनी ७०७ मोडीत काढायला घेतली तेव्हा अमेरिकन हवाई दलाने त्यातली बरीचशी विकत घेतली. उडवायला नव्हे, त्यांची जेटी३डी इंजिनं काढून आपल्या केसी-१३५ टँकरना (हवेतल्या हवेत इंधन भरणाऱ्या विमानांना) लावायला. शेपटीचे भागही घेतले. म्हणजे 'सुटे भाग' हवे तर अख्खं विमान घ्यायचं. याला म्हणतात घाऊक खरेदी.

चहाटळ
कैऱ्या फोडणाऱ्या पात्याला एअरवर्दी सर्टिफिकेट आहे का?

लोहगावचा_एअरमन
मी हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त, इंजिन फिटर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोहगावला कॅनबेरावर होतो. तुम्ही सगळे अमेरिकेला निघालात, पण ही कथा आपल्या अंगणात घडून गेली आहे.

कॅनबेरा म्हणजे इंग्रजांचं बाँबर विमान. आपण १९५७ साली घेतलं आणि मे २००७ मध्ये आग्र्याला निरोप दिला. पन्नास वर्षं. इंग्लंडमध्ये उत्पादन कधीच बंद झालेलं. १९७० मध्ये न्यूझीलंडच्या हवाई दलाने काढून टाकलेली कॅनबेरा आपण घेतली. तेव्हा जगात जो कोणी ते विमान काढतोय त्याच्या दारात आपण उभे.

हँगरमध्ये एक विमान कायम उभं असायचं. त्याला आम्ही 'ख्रिसमस ट्री' म्हणायचो, ज्याला हवं त्याने तोडून न्यावं. पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा, याला 'रॉब करणं' म्हणतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, किती सोपं. प्रत्यक्षात काम दुप्पट. एका पंपासाठी चांगल्या जागेवरचे चार पाइप सोडायचे. सोडताना एखादा युनियन नट झिजणार. पंप तिकडे लावायचा, लॉकिंग वायर पिळायची, गळती तपासायची. आणि खरा पंप आला की हीच सर्कस उलटी. दोन्ही विमानांच्या एफ-७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद नको का? ती राहिली तर विमान उभं. पार्ट हातात आहे आणि त्याचा कागद नाही, तर तो पार्ट नाहीच असं समजायचं.

स्टार्टरचं सांगतो. कॅनबेराची एव्हन इंजिनं काडतुसावर सुरू व्हायची, म्हणजे काडतूस पेटवून त्याच्या वायूच्या जोरावर इंजिन फिरवायचं. इंजिनाच्या तोंडाशी मधोमध जो गोळीसारखा फुगवटा दिसतो ना, त्यात स्टार्टर. त्याला तीन खोबणी, तीन काडतुसं. चुली एवढ्या तोंडात हात घालून भरायची. बटण दाबलं की धडाम, मग काळ्या धुराचा लोट, आणि त्या धुरातून इंजिनाची शीळ हळूहळू चढत जायची. काडतूस पेटलंच नाही तर लगेच उघडायचं नाही, थांबायचं. नव्या पोरांना सगळ्यात अवघड ते थांबणंच. संध्याकाळी जेवताना हाताला कॉर्डाइटचा वास. बायको म्हणायची, दिवाळी तुमच्याकडे रोजच.

वास्कोची_वर्षा
काका, याच लोहगावच्या कॅनबेरांनी १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे आमच्या दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले होते! बारा विमानं होती. टर्मिनलची इमारत आणि कंट्रोल टॉवर सोडून फक्त धावपट्टी, असा हुकूम होता. आमच्या आजीला तो दिवस चांगला आठवायचा.

दुसरं म्हणजे, बी-५२ चा रशियन जोडीदार गोव्यात राहून गेलाय हे इथे कोणी लिहिलं कसं नाही? टीयू-९५ बाँबरवरूनच नौदलाचं टीयू-१४२ बनलंय. १९८८ मध्ये आपल्या नौदलाकडे आठ आली आणि सुरुवातीला दाबोळीच्याच हंसा तळावर होती. आमचं घर चिखलीला. चार इंजिनं, प्रत्येकाला उलटसुलट फिरणारे दोन पंखे. ते निघालं की फडताळातली भांडी किणकिणायची आणि आई गॅसवरचं दूध सोडून बाहेर बघायला यायची. पुढे १९९२ मध्ये ती तामिळनाडूत अरक्कोणमला गेली.

मिरजकर_जय
टीयू-१४२ ची सुट्या भागांची गोष्ट बी-५२ पेक्षा वाईट. ज्या देशाकडून घेतली तो देशच तीन-चार वर्षांत नकाशावरून गेला! कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले. मोठ्या दुरुस्तीला विमान रशियात तगानरोगला न्यावं लागायचं. तरीही आपण २०१७ च्या मार्चपर्यंत चालवली. अमेरिकेकडे निदान वाळवंट आहे, टिंकर आहे, आणि विमान बनवणारी कंपनी अजून जागेवर आहे.

ठाम_ठोंबरे
हेच तर म्हणतोय! पंपासाठी दुप्पट काम, कंसासाठी महिने, दुरुस्तीसाठी परदेश. नवं घ्या ना. अमेरिकेला पैशाची काय कमी?

स्नेहल_इंजिनी
नवं घेतात, पण त्यालाही हेच भोग. बी-२ या नंतरच्या बाँबरची १३२ विमानं बनवायची ठरवली होती, बनली २१. इतकी थोडी असली की प्रत्येक पार्ट हातमागावरचा. बी-१ आणि बी-२ हे दोन्ही नंतरचे बाँबर बी-५२ च्या आधी निवृत्त करायचं चाललंय, ते काही उगाच नाही. बी-५२ ची एकूण ७४४ बनली होती. संख्या मोठी म्हणून पार्ट जास्त बनले, गोदामं भरली आणि उरलेल्यांनी बसून खाल्ली.

तुळजाई
इतक्या कौतुकाने लिहिताय सगळे. १९७२ च्या डिसेंबरमध्ये हनोईवर याच विमानांनी अकरा रात्री बाँब टाकले, हे कोणाच्या मनात येतच नाही का? व्हिएतनामी माणूस हा धागा वाचेल तर काय म्हणेल? सुटे भाग म्हणे.

निवांत_नाना
तुळजाई, तुमचं म्हणणं मान्य. हनोईत पाडलेल्या बी-५२ चे अवशेष एका तळ्यात तसेच ठेवलेत, फोटो पाहिलाय. धागा यंत्राचा आहे, युद्धाचा स्वतंत्र काढा, मी येतो.

मिरजकर_जय
जोडीला एवढंच की त्या मोहिमेत १५ बी-५२ पडली होती. तेव्हा ते काम फुकटात झालेलं नाही.

सदाफुली
मी नुसती वाचक. पण नानांनी जमिनीवरच्या सामानाबद्दल विचारलं होतं, त्याला एकानेही उत्तर दिलेलं नाही. सगळे कैऱ्या आणि दूध करत बसलेत.

ओक्लाहोमी
सदाफुली, बरोबर पकडलंत.

बी-५२ ला स्वतःचं छोटं सहायक इंजिन नाही. आजच्या प्रवासी विमानांच्या शेपटीत ते असतं, त्यामुळे ती उभ्या उभ्या वीज आणि हवा तयार करतात. बी-५२ जमिनीवर असताना पूर्ण परावलंबी. वीज हवी, जनरेटरची गाडी आणा. इंजिन फिरवायला दाबाची हवा हवी, हवेची गाडी आणा. आत उकाड्याने जीव चाललाय, थंड हवेची गाडी आणा. या गाड्याही पिढ्यानपिढ्या जुन्या आणि त्यांनाही सुटे भाग लागतात! बाँबर उडायला तयार, वैमानिक आत बसलेले, आणि खोळंबा कशाने तर हवेच्या गाडीचा व्हॉल्व्ह अडकलाय, असं होऊ शकतं.

गाडी नसेल तर काकांच्या कॅनबेरासारखीच काडतुसं. सत्तरच्या दशकात आठही इंजिनांना काडतुसाचे स्टार्टर बसवले, म्हणजे हल्ल्याचा इशारा आला की सगळी एकदम पेटवून पळता यावं. धूर असा होतो की बघणाऱ्याला वाटावं विमानच पेटलं.

शेपटीचं उभं पातं बिजागरीवर आडवं पाडता येतं, नाहीतर ते हँगरच्या दारात मावत नाही. आणि पंखांची टोकं इंधन भरलं की इतकी खाली येतात की टोकांजवळ आधाराची छोटी चाकं दिलीयत. त्यामुळे जॅक, शिड्या, ओढायचे दांडे सगळं याच एका विमानाच्या मापाचं. ते दुसऱ्या कशालाही चालत नाही आणि दुसऱ्याचं याला चालत नाही.

लोहगावचा_एअरमन
व्वा. ग्राउंड इक्विपमेंटवाल्यांचं नाव कोणी घेत नाही. आमच्याकडे बॅटऱ्यांची ट्रॉली असायची, 'ट्रॉली ॲक'. पावसाळ्यात ती ओढत न्यायची म्हणजे दोन माणसं चिखलात आणि तिसरा सूचना देणारा. तिसरा बहुतेक वेळा कॉर्पोरल.

कालिन्याचा_केदार
नवीन इंजिनांचं काय झालं? टीएफ३३ चं उत्पादन १९८५ ला बंद झालं. किती दिवस उसनवारी करणार?

स्नेहल_इंजिनी
सप्टेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या एफ१३० ची निवड झाली. हे गल्फस्ट्रीम जी६५० या खासगी जेटच्या इंजिनाचं लष्करी रूप, अमेरिकेतच इंडियानापोलिसला बनणार. ७६ विमानांना आठ म्हणजे ६०८, आणि जोडीला जादा धरून साधारण साडेसहाशे. इंजिनं बदललेल्या विमानाचं नाव बी-५२ जे. इंधन तीस टक्क्यांच्या आसपास वाचेल असा अंदाज. पण काम लांबलंय, पहिली विमानं कामाला लागायला २०३३ उजाडणार असं अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये सांगितलं.

भेदरट_उंदीर
आठच का? चार मोठी लावायची. निम्मे पार्ट, निम्मी डोकेदुखी.

स्नेहल_इंजिनी
बाहेरच्या बाजूचं मोठं इंजिन बंद पडलं तर विमान त्या बाजूला एवढं वळायला बघेल की शेपटीचं सुकाणू पुरं पडणार नाही. आज आठातलं एक गेलं तर वैमानिकाला फारसं काही करावं लागत नाही. जानेवारी २०१७ मध्ये मायनॉटजवळ सरावात एका बी-५२ चं इंजिन चक्क गळून खाली पडलं, आणि विमान सुखरूप उतरलं. शिवाय मोठं इंजिन पंखाखाली लोंबलं की जमिनीशी अंतर कमी. म्हणून एकास एक.

चहाटळ
इंजिन गळून पडलं?! मग ते शोधून परत लावलं का रॉब केलं?

ओक्लाहोमी
शोधलं, पण लावण्याच्या अवस्थेत नव्हतं. उत्तर डकोटाच्या गोठलेल्या जमिनीवर पडलं होतं.

टीएफ३३ वर आणखी एक. २०२० मध्ये टिंकरला या इंजिनाचं बर्फरोधक यंत्रणेतलं एक गॅस्केट थ्री-डी प्रिंटरवर धातूत छापून तपासलं. एवढासा तुकडा, पण नेहमीच्या पुरवठादाराकडून यायला फार वेळ लागत होता. ठोंबरेंना हवंय ते नवं विमान नाही, पण नवा रस्ता आहे.

ठाम_ठोंबरे
छापा हवं ते. मी मत बदलत नाही. फक्त एक सांगा. ७४४ बनली आणि ७६ उरली, तर बाकीची गेली कुठे? इतका पार्टांचा दुष्काळ आहे तर ती फेकली कशाला?

ओक्लाहोमी
काही अपघातात, काही युद्धात, बरीचशी जुन्या मॉडेलची म्हणून आधीच मोडलेली. आणि साडेतीनशेहून जास्त करारामुळे. सोव्हिएत संघाशी झालेल्या स्टार्ट या अण्वस्त्रकपातीच्या करारानुसार ती नष्ट करायची होती, आणि नष्ट केल्याचं समोरच्याला दिसायला हवं होतं. टूसॉनला क्रेनला सुमारे सहा टनांचं पोलादी पातं टांगून वरून सोडायचे. शेपूट वेगळी, पंख वेगळे, धडाचे तुकडे. आणि ते तुकडे तसेच उघड्यावर ९० दिवस ठेवायचे, म्हणजे वरून रशियन उपग्रहांना मोजता यावेत. कापण्याआधी उपयोगी भाग काढून घेतले जायचे. जी मॉडेलच्या इंजिनांचा एचला उपयोग नाही, ती वेगळीच होती, पण धडापंखातलं बरंच चालतं.

लोहगावचा_एअरमन
कापायच्या आधी काढलेल्या पार्टांना टॅग लावले होते का तेवढं सांगा. पिवळा टॅग नसेल तर मी गोदामात घेणार नाही.

ओक्लाहोमी
काका, लावले होते. पिवळा चालू, हिरवा दुरुस्तीला, लाल बाद. आणि त्यांचा स्टॉक नंबर बघितला की वयही कळतं. तेरा आकडी नंबरातले पाचवा-सहावा आकडा देशाचे. त्यात ०० असेल तर अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या मध्याआधी नोंदलेला माल, ०१ असेल तर त्यानंतरचा. भारताचे आकडे ७२.

लोहगावचा_एअरमन
मग हरकत नाही. सही कुठे करायची?

वास्कोची_वर्षा
अवांतर: टीयू-१४२ बघायचं असेल तर विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर एक ठेवलंय, आत शिरता येतं. काका, तुम्ही गेलात तर तिथल्या गाइडला बोलू द्या हो थोडं.